पाणकोटापासून संगणकाच्या पहाऱ्यापर्यंत

केळव्याचा पाणकोट पूर्वी खाडीच्या मुखावर नजर ठेवीत असे. शत्रू कोणत्या वाटेने येणार, हे तेव्हा ठाऊक असे. त्याच किनाऱ्यावर उत्तरेस, तारापूर येथे, 1969 साली देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांवर होणारी आजची चढाई डोळ्यांना दिसत नाही.

2010 साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या घातक आज्ञावलीने इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्ध करणारी यंत्रे बिघडविली. ती यंत्रणा बाहेरच्या जाळ्याशी जोडलेली नव्हती; आज्ञावली पेन ड्राइव्हमधून आत शिरली, असे मानले जाते. आपल्याकडे 2019 मध्ये कुडनकुलम केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात असाच शिरकाव आढळला. नियंत्रणयंत्रणा वेगळी असल्याने तिला बाधा पोहोचली नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने या युद्धाचा वेग पालटला आहे. संगणकप्रणालीतील फटी शोधण्याचे तज्ज्ञांचे कित्येक दिवसांचे काम यंत्र थोड्या वेळात उरकू शकते. बचावासही तेच साधन उपयोगी पडते; असंख्य नोंदींतील एखादी विपरीत हालचाल ते टिपते. भारताच्या संरक्षण मंत्रालयाने 2019 साली या विषयासाठी स्वतंत्र परिषद स्थापन केली.

मात्र शिरकावाची सुरुवात पुष्कळदा साध्या पत्राने होते. पूर्वी बनावट पत्र मोडक्या भाषेवरून ओळखू येई. आता यंत्र शुद्ध मराठी लिहिते. ग्रामपंचायतीचा वा शाळेचा दुर्लक्षित संगणकही हल्लेखोरांना पुढील चढाईचा तळ म्हणून चालतो. वरिष्ठांच्या नावे आलेले संशयास्पद टपाल उघडण्यापूर्वी त्या कार्यालयास दूरध्वनीने विचारावे; क्रमांक मात्र त्या पत्रातून न घेता आपल्या नोंदवहीतून घ्यावा.