अदृश्य तिजोरीची किल्ली



आपल्या पणजोबांच्या काळीं घरांतील धन हंड्यांत घालून जमिनींत पुरून ठेवीत. पुढें लोखंडी तिजोरी आली, पोस्टाचें पासबुक आलें, बँकेंतील खातें आलें. धनाची जागा बदलत गेली. परंतु किल्ली कोणाच्या हातीं असावी, हा प्रश्न मात्र बदलला नाहीं. आतां तर असें धन निघालें आहे कीं, तें हातांत घेतां येत नाहीं आणि पुरतांहि येत नाहीं. त्याचें नांव क्रिप्टोचलन. तें घ्यावें कीं न घ्यावें, याचा ऊहापोह येथें कर्तव्य नाहीं. तो वडीलधाऱ्यांनीं करावयाचा आहे. परंतु ज्यांच्या घरीं तें आहे, त्यांच्या तिजोरीपाशीं चोर कसा येतो व त्याला बाहेर कसें ठेवावें, एवढ्याच विषयाचा आपण विचार करूं.

या चलनांतील पहिलें म्हणजे बिटकॉइन. सातोशी नाकामोतो हें टोपणनांव धारण करणाऱ्या कोणीं तरी २००८ सालीं त्याची योजना प्रसिद्ध केली व जानेवारी २००९ मध्यें तें चालू झालें. त्याचे सर्व व्यवहार एका सार्वजनिक खातेवहींत नोंदले जातात व त्या वहीच्या नकला जगांतील हजारों संगणकांवर असतात. ‘वॉलेट’ म्हणजे पाकीट खरें, पण त्यांत नाणीं नसतात. वहींतील आपल्या रकमेवर सही करण्याची गुप्त किल्ली तेवढी असते. पुष्कळ लोक ही किल्ली स्वतः न सांभाळतां एक्स्चेंजकडे, म्हणजे विनिमयपेढीकडे सोंपवितात आणि ईमेलचा पत्ता व परवलीचा शब्द देऊन आपल्या खात्यांत प्रवेश करितात. हा परवलीचा शब्द म्हणजेच पासवर्ड.

चेकावर खोटी सही झाली तर बँकेकडे दाद मागतां येते. या वहींत मात्र एकदां पक्की झालेली नोंद खोडणारा कारकून नाहीं. म्हणून येथें रक्षण आधींच केलें पाहिजे. मागाहूनची धांवपळ म्हणजे वरातीमागून घोडें.

चोराचे चार मार्ग

पहिला मार्ग अटकळीचा. येथें थोडें गणित करूं. इंग्रजी वर्णमालेंत २६ अक्षरें आहेत. सहा अक्षरांचा परवलीचा शब्द घेतला, तर २६ चा सहावा घात म्हणजे ३०,८९,१५,७७६ शब्द संभवतात. समजा, चोराचें यंत्र सेकंदास एक लक्ष शब्द ताडून पाहतें. तर ते सगळे एका तासाच्या आंत संपतील. तोच शब्द बारा अक्षरांचा, व तींहि चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखीं, असला तर त्याच यंत्रास सुमारें तीस हजार वर्षें लागतील. अक्षरें दुप्पट झालीं, पण श्रम दुप्पट न होतां तीस कोटि पटींनीं वाढले! मात्र आपलें नांव, जन्मतारीख किंवा लाडक्या खेळाडूचें नांव घातलें, तर हें गणित कोलमडतें. कारण चोर आधीं तेंच पाहतो.

दुसरा मार्ग दुसऱ्या घरच्या किल्लीचा. २००९ सालीं रॉकयू नांवाच्या अमेरिकन कंपनीकडून सुमारें ३ कोटि २० लक्ष परवलीचे शब्द चोरीस गेले. ते तेथें उघड अक्षरांत लिहून ठेवलेले होते. त्यांत सर्वांत अधिक लोकांनीं वापरलेला शब्द कोणता होता? १२३४५६! अशा चोरलेल्या याद्या घेऊन चोर दुसऱ्या सर्व दारांना त्याच किल्ल्या लावून पाहतात. ज्यानें खेळाच्या संकेतस्थळावर व तिजोरीवर एकच शब्द ठेवला, त्याची तिजोरी खेळाच्या दारानें उघडते.

तिसरा मार्ग खोट्या दाराचा. २०१८ च्या आरंभीं कांहीं चोरांनीं बायनान्स या मोठ्या विनिमयपेढीसारखें हुबेहूब दिसणारें खोटें संकेतस्थळ उभारलें. पत्ताहि तोच दिसे. भेद एवढाच कीं, त्या नांवांतील दोन्ही ‘एन’ अक्षरांखालीं एकेक बारीक टिंब होतें. अनुस्वार गाळला म्हणून निबंधांत ज्यांचे गुण गेले आहेत, त्यांना टिंबाचें महत्त्व सांगावयास नकोच! पण मोठमोठ्या माणसांना तें टिंब पडद्यावरील धुळीचा कण वाटलें असेल. त्यांनीं तेथें आपला परवलीचा शब्द भरला, म्हणजे किल्ली चोराच्या हातीं दिली. चोरांनीं लगेच पैसे काढले नाहींत. प्रत्येक खात्यांत शिरून त्यांनीं यंत्रामार्फत खरेदी-विक्री करण्याचें एक प्रकारचें मुखत्यारपत्र करून घेतलें आणि ते गप्प बसले. ७ मार्च २०१८ रोजीं अवघ्या दोन मिनिटांत त्या सर्व खात्यांच्या नांवें त्यांनीं एकाच चलनाची प्रचंड खरेदी केली, व आपल्याजवळचें तेंच चलन चढ्या भावानें विकलें. पेढीच्या यंत्रणेनें संशय येऊन पैसे काढणें आपोआप बंद केलें, म्हणूनच चोरांना रक्कम बाहेर नेतां आली नाहीं.

चौथा मार्ग टेलिफोनचा. परवलीच्या शब्दाबरोबर मोबाइलवर येणारा अंक, म्हणजे ओटीपी, विचारला जातो. हें दुसरें कुलूप चांगलेंच. पण तें अभेद्य नव्हे. मार्च ते मे २०२१ या काळांत अमेरिकेंतील कॉइनबेस या पेढीच्या किमान सहा हजार ग्राहकांच्या खात्यांतून धन गेलें. त्यांचे ईमेल, परवलीचे शब्द व दूरध्वनिक्रमांक चोरांना आधींच ठाऊक होते. पेढीच्या एसएमएसच्या व्यवस्थेंत दोष सांपडल्यामुळें अंकहि त्यांना मिळाला. कधीं कधीं चोर दुसऱ्याच्या नांवें नवें सिमकार्ड काढून अंक आपल्याकडे वळवितात.

रक्षणाचे उपाय

या चार मार्गांवर उपायहि आहेत. प्रत्येक खात्याचा परवलीचा शब्द लांब व वेगळा असावा. ईमेलचें खातें तर सर्वांत जपावें. कारण ‘शब्द विसरलों’ म्हटलें कीं नवी किल्ली तेथेंच येते. एसएमएसपेक्षां ऑथेंटिकेटर ॲप बरें. त्यांतील सहा अंक दर तीस सेकंदांनीं बदलतात व टेलिफोनच्या तारायंत्रांतून येत नाहींत. त्याहूनहि उत्तम म्हणजे पासकी किंवा सिक्युरिटी-की. ती ज्या पत्त्यासाठीं नोंदली असेल, त्याच पत्त्याला उत्तर देते. मनुष्याचा डोळा टिंबाला फसतो. ती फसत नाहीं.

जे आपली किल्ली स्वतःच सांभाळतात, त्यांना बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ते शब्द म्हणजे साक्षात् सारी तिजोरी. ते कागदावर लिहून सुरक्षित जागीं ठेवावे. त्यांचें छायाचित्र काढूं नये आणि कोणीहि, अगदीं पेढीचा माणूस म्हणून, मागितले तरी देऊं नयेत.

धोक्याची घंटा वाजली तर

एके दिवशीं संदेश येतो: ‘आपल्या खात्यांत परक्या ठिकाणाहून प्रवेशाचा प्रयत्न झाला आहे, त्वरित येथें दाबा.’ येथेंच खरी परीक्षा आहे. हा संदेश खरा असेल किंवा चोरानेंच भिवविण्यासाठीं धाडला असेल. सुदैवानें दोन्ही प्रसंगीं योग्य वर्तन एकच. संदेशांतील दुव्याला हात लावूं नये. पेढीचा पत्ता स्वतः लिहून किंवा नेहमींच्या ॲपमधून आंत जावें. प्रयत्न खरोखरच झालेला दिसला तर आधीं ईमेलचा व मग वॉलेटचा परवलीचा शब्द बदलावा, इतर सर्व यंत्रांवरील प्रवेश बंद करावा, अनोळखी मुखत्यारपत्रें रद्द करावीं व शक्य असल्यास पैसे काढणें कांहीं काळ थांबवावें. आपण न मागितलेला ओटीपी आला, तर आपला परवलीचा शब्द कोणाला तरी कळला असण्याचा संभव आहे, असें समजून तोहि बदलावा. धन गेलेंच असेल, तर पेढीला कळवून विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शेवटीं दोन शब्द मुलांना व पालकांना. वडिलांच्या फोनवर खेळतांना एखादा दुवा चुकून दाबला गेला, तर मुलांनीं तें लपवूं नये, तत्काळ सांगावें. आणि पालकांनीं तें ऐकून आधीं रागावूं नये, आधीं दार बंद करावें. रागांत गेलेलीं दहा मिनिटें चोराला पुरेशीं होतात. आणि ज्या घरांत मूल शिक्षेच्या भयानें गप्प बसतें, त्या घराचें एक दार नेहमींच उघडें राहतें. चोर कुलूप क्वचितच फोडतो. तो आपल्याला घाबरवितो, घाई करावयास लावतो आणि किल्ली आपल्याच हातून घेतो. तेव्हां हात थांबवावा, पत्ता वाचावा, टिंबसुद्धां पाहावें आणि मगच किल्ली फिरवावी.