तलफ आणि नीयत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा 'धूम्रपानमुक्ती' हा विषय माझ्याकडे सोपविला, तेव्हा प्रथम संकोच वाटला. धूम्रपानाच्या दुष्परिणामांवर आपण सर्वांनी पुष्कळ वाचले आहे, रुग्णांना पुष्कळ सांगितलेही आहे. तरीही बंडलावरचे भीतिदायक चित्र पाहत पाहतच माणूस त्यातली बिडी काढून पेटवितो. म्हणून प्रस्तुत लेखात दुष्परिणामांची यादी देत नाही. बिडी-सिगारेट सोडणे अवघड का जाते आणि कोणत्या विचाराने ते सोपे होते, एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आरंभी मला एक कबुली द्यावी लागेल.

एक खोटे उत्तर

२००४ सालची गोष्ट. भालकी तालुक्यातील एका खेड्यातून पस्तिशीचा एक शेतमजूर माझ्या दवाखान्यात आला. चालताना पोटरीत गोळे येत होते, डाव्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. दिवसाला दोन बंडले बिड्या ओढत होता. निदान कठीण नव्हते. बर्जरचा रोग आपल्या सीमाभागातील डॉक्टरांना अपरिचित नाही. गँगरीन होण्यापूर्वी धूम्रपान पूर्णपणे थांबविले, तर पाय कापण्याची वेळ क्वचितच येते. मात्र दिवसाला एक-दोन बिड्याही हा रोग जागा ठेवण्यास पुरेशा होतात. हे सारे मी त्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही कशी सोडली?"

मी सोडलेली नव्हती. १९८६ साली तेव्हाच्या गुलबर्ग्यात इंटर्नशिप करताना रात्रपाळीत लागलेली सिगारेट अठरा वर्षे माझ्यासोबत होती. परंतु इतक्या अधिकाराने बोलणाऱ्या डॉक्टराने कधीतरी ओढली असेल आणि सोडलीही असेल, असे त्याने गृहीत धरले. मी म्हणालो, "मनाचा निग्रह केला, सोडली."

तो तीन वेळा प्रयत्न करून हरला. पुढच्या वर्षी कलबुर्गीत त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, "तुमच्यासारखा निग्रह आम्हा गरिबांत कुठला, साहेब?" पाय गेल्याचा दोष तो स्वतःच्या दुबळ्या मनाला देत होता. त्याचा तो समज माझ्या उत्तराने पक्का केला होता.

रमजानमधील निरीक्षण

माझे स्वतःचे प्रयत्नही 'निग्रहाचे'च होते. एकतीस डिसेंबरला शपथ घ्यायची, दिवस मोजायचे, चिडचिड करायची, आणि 'इतके दिवस राहिलो, आता एकाने काय होते' म्हणून पुन्हा पेटवायची. असे पाच वेळा झाले.

२००७ सालचा रमजान सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आला होता. माझे कंपाउंडर एरवी दर तासाला बिडीसाठी मागच्या दाराने बाहेर जात. रोज्याच्या दिवसांत मात्र पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, तेरा-साडेतेरा तास, ते धूर घेत नसत. मी मुद्दाम लक्ष ठेवले. सकाळी अकराला ते शांत, दुपारी तीनलाही शांत. अस्वस्थता दिसे ती संध्याकाळी, इफ्तारला अर्धा तास उरला की. मी विचारले, "दिवसभर तलफ येत नाही का?" ते म्हणाले, "सहरीला नीयत केली, की बिडीचा सवालच येत नाही, साहेब. मगरीब जवळ आली की मग आठवते."

या उत्तराने मी विचारात पडलो. निकोटीनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. तलफ केवळ रसायनाची असती, तर ती सकाळीच अनावर व्हायला हवी होती. ती आली बिडी मिळण्याची शक्यता जवळ आल्यावर. मनाने ज्या दाराला कडी घातली होती, तिकडे तलफ फिरकली नाही. कडी निघणार असे दिसताच ती उभी राहिली.

पुढे असे कळले, की या गोष्टीची शास्त्रीय तपासणीही झाली आहे. तेल अवीव विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रेउव्हेन डार व सहकाऱ्यांनी २०१० साली धूम्रपान करणाऱ्या विमान-कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीच माणसे कमी आणि जास्त लांबीच्या प्रवासांत असताना त्यांच्या तलफेची नोंद घेतली गेली. सिगारेटविना सारखेच तास गेले असतानाही, ज्यांचे विमान उतरण्याच्या बेतात होते त्यांची तलफ तीव्र होती. ज्यांचा प्रवास अजून बराच उरला होता त्यांची कमी. किती वेळ ओढली नाही यापेक्षा, केव्हा ओढता येईल ही अपेक्षा अधिक प्रभावी ठरली.

'सोडणे' आणि 'न ओढणे'

माझ्या पाचही प्रयत्नांतील चूक आता ध्यानात आली. मी सिगारेट सोडत नव्हतो, उपास धरत होतो. आणि उपास म्हटला की पारणे आलेच. मनाच्या कोपऱ्यात सिगारेट ही एक सुखाची वस्तू म्हणून जपून ठेवलेली होती. वास्तविक ते सुख कसले? झुरक्यातील निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते, आणि ज्या बेचैनीपासून ते आराम देते ती मागच्या सिगारेटने निर्माण केलेली असते. ॲलन कार या ब्रिटिश लेखकाने १९८५ सालच्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला होता: धूम्रपान करणारा काहीही गमावत नाही, हे त्याला पटले की त्यागाचे दुःख उरत नाही.

आपल्या माळकऱ्याचे उदाहरण घ्या. लग्नाच्या पंगतीत तो 'मी मटण सोडण्याचा प्रयत्न करतो आहे' असे म्हणत नाही. 'मी माळकरी आहे' एवढेच म्हणतो आणि वाढपीही पुढे जातो. बीदरशी जोडलेले दुसरे उदाहरण भाई साहिबसिंग यांचे. १६९९ साली आनंदपूर येथे खालसा पंथाची स्थापना झाली, तेव्हाच्या पंचप्यारांपैकी ते एक. शीख परंपरा त्यांना बीदरचे मानते. खालसा आचारात तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात कर्नाटकात २२.८ टक्के, तर पंजाबात १३.४ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. या फरकाची कारणे अनेक असतील. तरी 'हे आमच्यात चालत नाही' या भावनेचे बळ दुर्लक्षिण्याजोगे नाही.

त्या रमजाननंतर मी कोणतीही शपथ घेतली नाही, दिवसही मोजले नाहीत. कंपाउंडरांची नीयत सूर्यास्तापर्यंतची होती. माझीला मी सूर्यास्तच ठेवला नाही. पहिले तीन दिवस त्रास झाला. पण त्या त्रासाला 'माझे काहीतरी हिरावले गेले' असे न म्हणता 'विष उतरते आहे' असे म्हटले, आणि तो सोसवला. त्यानंतर आजपर्यंत सिगारेट ओढलेली नाही.

दवाखान्यात काय करावे?

दृष्टिकोन बदलला की औषधांची गरज नाही, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. निकोटीनचे व्यसन हा मेंदूतील खरा बदल आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागणाऱ्या रुग्णाला निकोटीन च्युइंगगम, पॅच, ब्युप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन यांचा आधार तपासून अवश्य द्यावा. त्याच्या जोडीला पुढील गोष्टी सांगाव्यात.

१. चिडचिड, झोपमोड, बेचैनी ही लक्षणे साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. तलफेची एकेक लाट काही मिनिटांचीच असते.

२. 'कमी करतो' हा करार स्वीकारून थांबू नये. मोजून ओढलेली बिडी अधिकच मौल्यवान वाटू लागते.

३. बिडी सोडून तंबाखू-चुना वा मिश्री धरणे ही मुक्ती नव्हे. कर्नाटकात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली, तेव्हा पानमसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकले जाऊ लागले. मनही अशाच पळवाटा शोधते.

४. उशीर झाला असे कोणालाही म्हणू नये. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीतून २००४ साली दाखविले, की तिसाव्या वर्षी धूम्रपान थांबविल्यास सुमारे १०, चाळिसाव्या वर्षी ९, पन्नासाव्या वर्षी ६ आणि साठाव्या वर्षीही ३ वर्षांचे आयुष्य वाचते. ती पाहणी डॉक्टरांचीच होती, हे आपण विशेष ध्यानात घ्यावे.

५. २०१६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा १८००-११-२३५६ हा विनामूल्य क्रमांक दवाखान्यात लावून ठेवावा.

शेवटी

स्वतः सिगारेट थांबविल्यावर काही महिन्यांनी मी त्या शेतमजुराच्या गावी गेलो. २००४ साली मी खोटे बोललो होतो, मीही पाच वेळा हरलो होतो, हे त्याला सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तेव्हा सांगितलं असतं तर मी परत आलो असतो, साहेब. हरलो म्हणून तोंड दाखवायला लाज वाटली."

त्याचा उजवा पाय आज शाबूत आहे. त्या दिवसानंतर तो हरला की लपून राहत नसे, येऊन सांगत असे. चौथ्या खेपेला त्याची बिडी कायमची थांबली. डाव्या पायाचे उत्तर माझ्यापाशी नाही.

या स्मरणिकेच्या वाचकांत अजूनही सिगारेट ओढणारे माझे काही व्यवसायबंधू असतील. त्यांनी ती थांबवावी, ही विनंती आहेच. पण तोवर रुग्णाने 'तुम्ही कशी सोडली?' असे विचारले, तर त्याला खरे उत्तर द्यावे, एवढे तरी त्यांनी करावे.