नटराजासमोरचा फोटो

माढा,
आषाढ शुद्ध द्वादशी, ७ जुलै २०२५

चि. छकुलीस,

आधी तो फोटो काढून टाक, मग पुढचं वाच.

कुठला ते तुला कळलं असेल. सर्न या अणुसंशोधन संस्थेच्या आवारातल्या नटराजासमोर तू आणि ती लाहोरची मुलगी, दोघींच्या हातात आपापले झेंडे. तू तो मैत्रिणींसाठी टाकलास, पण तो इथवर पोहोचला. काल कुर्डुवाडीचे भाऊजी पंढरपूरहून परतताना घरी आले आणि बसायच्या आधीच मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपल्या पैशावर शिकलेल्या पोरी बाहेर जाऊन कुणाच्या गळ्यात गळे घालतात बघा.' तुझा पासपोर्ट जप्त होणार असं बार्शीत बोलतायत, असंही भाऊजी म्हणाले. कोण बोलतंय ते त्यांना सांगता येईना. तुझ्या आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुझ्या बाबांना, बापूला, माहीत आहे. त्याचा स्वभाव तुला ठाऊक, तो एक शब्द न बोलता शेतावर निघून गेला आणि दिवे लागल्यावर परतला.

तू म्हणशील, नाना, यात माझी चूक काय? काही नाही. पण चूक नसलेल्या माणसालाही त्रास होतो, हे तुला या वयात सांगायला हवं का? मे महिन्यात पाकिस्तानच्या सीमेवर काय झालं ते तू पुण्यात बसून पाहिलंस. त्याच महिन्यात पुण्यातल्याच एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टपायी अटक झाली, कॉलेजनं काढून टाकलं. तिनं पोस्ट काढली होती, माफीही मागितली होती. शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं तिला सोडायला लावलं आणि परीक्षेला बसू दिलं. न्याय मिळाला, ठीक. पण मधल्या त्या रात्री त्या पोरीच्या आईबापांनी कशा काढल्या असतील, ते कोणत्याही निकालपत्रात लिहिलेलं नसतं. मला त्या रात्रींची भीती वाटते.

आणि त्यात आता बापू सांगतो की तुम्ही दोघी मिळून तिथल्या विद्यार्थ्यांच्या सभेत बोलणार आहात, विज्ञान आणि शांतता या विषयावर. फोटो पुरला नाही का?

भाऊजींपुढे मात्र मी तुझीच बाजू घेतली, ते सांगून ठेवतो. त्यांना म्हटलं, पाकिस्तान २०१५ मध्ये सर्नचा सहयोगी सदस्य झाला आणि आपण २०१७ मध्ये. दोन्ही देशांची सरकारं सह्या करून, वर्गणी भरून आपली मुलं तिथं पाठवतात. जमिनीखाली शंभर मीटरवर सत्तावीस किलोमीटरच्या वर्तुळाकार यंत्रात कण फिरतात, त्यांच्या नोंदी वाचताना शेजारी कोण बसलंय हे कुणी पासपोर्ट बघून ठरवत नाही. एकमेकांची शहरं बेचिराख केलेल्या युरोपातल्या देशांनी युद्धानंतर दहा वर्षांच्या आत, १९५४ मध्ये, ही संस्था एकत्र येऊन उभी केली. तो नटराजही आपल्याच सरकारनं २००४ मध्ये तिथं भेट दिलेला. मग सरकारला जे चालतं ते आपल्या एसटी स्टँडवर का चालू नये? भाऊजी गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, माझा आवाज चढला म्हणून.

पण दार उघडणारे हातच ते लावूनही घेतात. युक्रेनच्या युद्धावरून सर्ननं ३० नोव्हेंबर २०२४ ला रशियाबरोबरचा करार संपवला. रशियातल्या संस्थांमधून आलेल्या शेकडो जणांचं तिथलं काम त्या दिवशी थांबलं. त्यांतल्या कितींनी ते युद्ध मागितलं होतं? ही बातमी वाचली तेव्हा तुझी निवडही झालेली नव्हती, तरी मी दोन दिवस अस्वस्थ होतो. का, ते तुला पुढे कळेल.

तुला सोलापूरला भय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक दाखवलं होतं, आठवतं? शाळेत मी त्यांच्यावर किती भाषणं बसवून घेतली! १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले, त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. बाकीचे चौघे परतले, हे परतले नाहीत. तिकडे असतानाच वडील वारले, तरी आले नाहीत. तिथंच लग्न केलं, मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी, गेले. भाषणात मुलं हे खणखणीत आवाजात म्हणायची आणि टाळ्या पडायच्या. आता मला त्या टाळ्या आठवत नाहीत. सोलापूरच्या त्या घरी बातमी कशी पोहोचली असेल, कुणी आधी वाचली असेल, एवढंच मनात येतं. म्हातारपणी माणूस गोष्टीतल्या नायकाकडे कमी आणि त्याच्या घराकडे जास्त बघायला लागतो.

तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घे. १९६२ मध्ये आपलं चीनशी युद्ध झालं. त्यानंतरही शिजियाझुआंगमधली त्यांची समाधी जपली गेली, आणि चीनचे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना भेटत राहिले. दोन देशांच्या मैत्रीवर त्या काळात भाषणं उदंड झाली होती. ती कुणाच्या लक्षात नाहीत. जखमी माणसांवर केलेल्या शस्त्रक्रिया लक्षात राहिल्या.

म्हणून सभेत बोलायचंच असेल तर तुमच्या कामाबद्दल बोला. दोघींनी मिळून कोणत्या नोंदी तपासल्या, कुठे अडलात, कुणाची चूक कुणी पकडली, ते सांगा. काश्मीरबद्दल, मे महिन्याबद्दल कुणी विचारलंच तर सरळ सांग, मी विद्यार्थिनी म्हणून आले आहे, सरकारची वकील म्हणून नाही. आणि कुठल्याही निवेदनावर पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. हे मी बजावून सांगतो आहे.

बजावायचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. १९७४ मध्ये, मी दहावीत असताना, वाचनालयात 'सोव्हिएत देश' यायचा. त्यातून पत्ता मिळवून मी ताश्कंदच्या एका मुलाशी पत्रव्यवहार सुरू केला होता. मोडक्या इंग्रजीत दोघंही लिहायचो. तो दुर्बिणीतून पाहिलेल्या शनीच्या कड्यांची चित्रं काढून पाठवायचा. माझे वडील, अण्णा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. परदेशी शिक्क्याची पाकिटं घरी येतात हे साहेबाच्या कानावर गेलं तर नोकरीवर गदा येईल, म्हणून त्यांनी एक दिवस मला बसवून सांगितलं, हे बंद कर. ओरडले नाहीत. हात जोडल्यासारखं बोलले, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. त्या मुलानं शेवटच्या पत्रात विचारलं होतं, तुमच्या शाळेत प्रयोग कोणते करतात? त्याला उत्तर गेलं नाही. तो शास्त्रज्ञ झाला की गवंडी, जिवंत आहे की नाही, मला माहीत नाही. रशियन शास्त्रज्ञांची बातमी वाचून मला तोच आठवला. ताश्कंद आता रशियात नाही हे मलाही कळतं, पण आठवणीला नकाशा बदललेला कळत नाही.

अण्णांचा मला राग नाही. आज त्यांची भीती माझ्या तोंडून बाहेर पडते आहे, एवढंच.

आणि आपला तालुका तरी कुठला! परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा याच भाऊजींनी पेढे वाटले होते. गुरुजींच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं सगळ्यांना कौतुक. पण भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक अशा भांडणाऱ्या देशांतली मुलं एकमेकांशी बोलावीत म्हणून त्यांनी जोड्या लावून दिल्या होत्या, ते कुणाच्या ध्यानात नाही. बक्षिसाची अर्धी रक्कमही त्यांनी शेवटच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्या मुलांसाठी आपण टाळ्या वाजवल्या. आपली मुलगी तेच करायला लागल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

फोटोचं काय करायचं ते तू एकटीनं ठरवू नकोस. सुरुवातीला सांगितलं ते मागे घेतो, मी सांगतो म्हणूनही काढू नकोस. आधी त्या लाहोरच्या मुलीला विचार. तिच्या घरी तो पोहोचला आहे का? तिच्या गावातही कुणी तो फिरवून काहीबाही लिहिलं असेल. तिथं तिच्या बाजूनं आवाज चढवणारं कुणी आहे का? तुझ्यापेक्षा तिला जास्त त्रास होत असेल, तर तिच्यासाठी काढ. ती बरी आहे ना, तेवढं मला नक्की कळव.

पासपोर्टच्या दोन प्रती काढून एक बॅगेत वेगळी ठेव. तुझं डोकं दुखायचं थांबलं का? रात्री उशिरापर्यंत पडद्याकडे बघत बसू नकोस, चष्म्याचा नंबर दाखवून घे. तिथलं डॉक्टरचं बिल फार होतं म्हणतात. पैसे लागले तर बापूला सांगू नकोस, मला सांग. पेन्शन एक तारखेला जमा झाली आहे.

तुझा,
नाना