लहान रुळांवरचे मोठे शहर

प्रस्तावना

नवरात्रात चेन्नईतील अनेक घरांत लाकडी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. या मांडणीला तेथे ‘गोलू’ म्हणतात. पायऱ्यांच्या पायथ्याशी मुले वाळू पसरून देऊळ, तळे, बाजार, बाग असा छोटासा गाव उभा करतात आणि क्वचित त्यातून खेळण्यातली आगगाडीही फिरवतात. महाराष्ट्रात दिवाळीला अंगणात मातीचा किल्ला होतो आणि त्यावर मोहरी पेरून हिरवळ उगवतात. गणेशोत्सवात हलते देखावे होतात. मोठे जग लहान करून डोळ्यांसमोर मांडावे, ही हौस दोन्हीकडे सारखीच. पण हौसेने केलेला देखावा आणि मोजमापाने उभारलेली प्रतिकृती यांत अंतर आहे. हे अंतर कोणते, हे आपण या पाठात रेल्वेच्या चालत्या प्रतिकृतीच्या आधारे समजून घेणार आहोत. अशी प्रतिकृती कशी उभारतात आणि जुनी झाल्यावर प्रदर्शनासाठी ती पुन्हा कशी सज्ज करतात, हेही आपण पाहू. उदाहरणासाठी चेन्नई शहर घेतले आहे.

पाठ

रेल्वेचा अभ्यास करू पाहणाऱ्याला चेन्नईसारखे शहर मिळणे कठीण. १ जुलै १८५६ रोजी येथील रोयापुरम स्थानकातून दक्षिण भारतातील पहिली प्रवासी गाडी निघाली. रोयापुरमची जुनी इमारत आजही उभी आहे. पुढे १८७१ मध्ये मुंबईकडून आलेले आणि मद्रासकडून आलेले रूळ रायचूर येथे एकमेकांना मिळाले आणि दोन्ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. १९५५ मध्ये पेरांबूर येथे प्रवासी डबे बांधणारा कारखाना, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरी, सुरू झाला. या कारखान्यानेच २००२ मध्ये एक रेल्वे संग्रहालय उघडले. तेथे जुनी इंजिने व डबे मोकळ्या जागेत मांडलेले आहेत. प्रतिकृती करणाऱ्याला याचा मोठा उपयोग होतो. छायाचित्रावरून रंग कळतो, पण पायरी जमिनीपासून किती उंच आहे किंवा खिडकीचे गज किती अंतरावर आहेत, हे डब्याजवळ उभे राहिल्यावरच नीट कळते.

आता मोजमापाकडे वळू. प्रतिकृती मूळ वस्तूच्या किती पट लहान आहे, हे सांगणाऱ्या संख्येला ‘प्रमाण’ म्हणतात. जगभर सर्वांत अधिक वापरले जाणारे प्रमाण १:८७ हे आहे. त्याला ‘एच-ओ’ म्हणतात. हे नाव ‘अर्धा शून्य’ या अर्थाच्या शब्दांवरून आले, कारण त्याआधी प्रचलित असलेल्या ‘शून्य’ मापाच्या गाडीपेक्षा ही गाडी निम्मी असते. पेरांबूरच्या कारखान्यात दीर्घकाळ बांधला गेलेला निळ्या किंवा विटकरी रंगाचा डबा सुमारे २१.३४ मीटर लांब असे. त्याला ८७ ने भागा. उत्तर येते साडेचोवीस सेंटिमीटर. म्हणजे डबा टेबलावर सहज मावतो. पण चोवीस डब्यांची गाडी जवळजवळ सहा मीटर होते आणि ती टेबलावरच काय, खोलीतही मावत नाही. चेन्नई बीच ते तांबरम हे सुमारे २९ किलोमीटरचे अंतर याच प्रमाणात ३३३ मीटर होते. तेव्हा काहीतरी गाळावेच लागते. गाडी आठ-नऊ डब्यांची करतात. चार स्थानकांपैकी एकच घेतात. फलाट आखूड करतात. मात्र डब्याची रुंदी, दाराची उंची, माणसाचा आकार यांना हात लावत नाहीत. लांबी कमी झालेली डोळा खपवून घेतो, पण दारात न मावणारा माणूस त्याला ताबडतोब खटकतो.

रुळांच्या बाबतीत भारतीय कारागिरापुढे एक खास अडचण येते. १:८७ प्रमाणाचे तयार रूळ बाजारात मिळतात, त्यांच्यातील अंतर १६.५ मिलिमीटर असते. ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी योजलेले आहे. भारताचा रुंदमापी मार्ग, म्हणजे ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा आहे. त्याला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर मिळतात. याचा अर्थ असा की, तयार रुळांवर उभा केलेला आपला डबा पावणेतीन मिलिमीटर अरुंद पायांवर उभा राहतो. समोरून पाहणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्याच्या हे चटकन लक्षात येते. काही जण ही तफावत मान्य करून पुढे जातात. काही जण एकेक स्लीपर कापून स्वतः रूळ बसवतात आणि मग इंजिनाची चाकेही बदलतात. त्यात महिने जातात. गंमत अशी की, चेन्नईतून हद्दपार झालेला मीटरगेज मार्ग करणे याहून सोपे आहे. हजार मिलिमीटरला ८७ ने भागले की साडेअकरा येतात आणि बारा मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. फरक राहतो अर्ध्या मिलिमीटरचा.

मीटरगेजचा विषय निघालाच आहे, तर सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाकडे येऊ. प्रतिकृती कोणत्या वर्षाची? बीच ते तांबरम या मार्गावर १९३१ पासून विजेच्या मीटरगेज गाड्या धावत होत्या. २००४ मध्ये त्या बंद झाल्या आणि सारी वाहतूक ब्रॉडगेजवर गेली. आज चेन्नईत ती गाडी धावताना दिसत नाही. समजा, तुम्ही १९८५ हे वर्ष ठरवले. मग स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर इंग्रजीत ‘मद्रास’ हवे, ‘चेन्नई’ नव्हे, कारण शहराचे नाव १९९६ मध्ये बदलले. बीचपासून चेपॉकपर्यंतचा उंचावरचा लोहमार्ग दाखवता येणार नाही, कारण तो १९९५ चा. मेट्रो तर २०१५ ची. रस्त्यावरची मोटार, भिंतीवरची जाहिरात, बायकांच्या हातातील पिशव्या या साऱ्यांनी ते वर्ष पाळले पाहिजे. एक वस्तू चुकली तरी गाड्या अडत नाहीत, पण प्रतिकृतीवरचा विश्वास उडतो.

पाठगत प्रश्न १
१. प्रतिकृतीत गाडीची लांबी कमी करतात, पण दाराची उंची कमी करत नाहीत. याचे कारण काय?
२. १९८५ चे शहर दाखवताना मेट्रो का दाखवता येणार नाही?

बांधणीची सुरुवात सुतारकामाने होते. प्रदर्शनासाठी करायची मांडणी एकसंध ठेवत नाहीत. साधारण चार फूट लांब व दोन फूट रुंद अशा चौकटी करतात आणि त्या बोल्टने जोडतात, म्हणजे दोन माणसांना एक चौकट उचलून जिन्यावरून खाली आणता येते. चौकटीवर प्लायवुड बसवतात. हे प्लायवुड वरून, खालून आणि कडांनाही रंगवून घ्यावे लागते. चेन्नईची हवा समुद्राची आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तेथे ईशान्य मोसमी पाऊस पडतो आणि उघडे लाकूड फुगते. फुगलेले लाकूड आपल्याबरोबर रूळही उचलते. प्लायवुडवर बुचाची पट्टी, तिच्यावर रूळ आणि रुळांमध्ये बारीक खडी असा क्रम असतो. खडी चाळून घेतात आणि पांढरा गोंद पाण्यात पातळ करून थेंबाथेंबाने सोडतात. दोन रूळ जोडताना किंचित फट ठेवतात, कारण उन्हाळ्यात धातू लांबतो.

साध्या पद्धतीत रुळांतूनच सुमारे १२ व्होल्टची वीज वाहते आणि इंजिन ती चाकांतून घेते. वीज केवळ एका टोकाला जोडली, तर गाडी दूर जाताच मंदावते. म्हणून जवळजवळ प्रत्येक मीटरवर रुळाच्या खालून तार डाख लावून जोडतात. नव्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला क्रमांक असतो आणि एकाच रुळावर दोन इंजिने वेगवेगळ्या गतीने चालवता येतात. सोय मोठी आहे, पण तारांचे काम निष्काळजीपणे केले असेल तर कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही.

आता जुन्या मांडणीचा विचार करू. दहा-पंधरा वर्षे माळ्यावर पडलेली मांडणी खाली आणली की प्रथम धूळ दिसते, पण खरा बिघाड धुळीखाली असतो. रुळांच्या धातूला ‘निकेल सिल्व्हर’ म्हणतात. नावात चांदी असली तरी त्यात ती अजिबात नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण आहे. दमट हवेत त्यावर काळपट थर चढतो, वीज नीट पोहोचत नाही आणि गाडी अडखळते. अशा वेळी पुष्कळ जण हाती पॉलिश पेपर घेतात. त्याने रूळ चकचकीत होतो खरा, पण त्यावर बारीक चरे पडतात, चऱ्यांत मळ साचतो आणि महिन्याभरात रूळ पहिल्यापेक्षा काळा होतो. सुती फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसणे हा संथ, पण खरा उपाय. चाकेही तशीच पुसायची, कारण चाकांवरचा मळ परत रुळावर येतो.

त्यानंतर सांधे तपासायचे. गाडीला एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर नेणाऱ्या जागेला सांधा म्हणतात. खऱ्या रेल्वेत तो सांभाळायला सांधेवाला असे, येथे रुळाखालची छोटी मोटर ते काम करते. सांध्याची हलती पट्टी अर्धा मिलिमीटर जरी मागे राहिली, तरी चाक घसरते. डाख सुटलेल्या तारा, वाकलेल्या जोडपट्ट्या आणि फुगलेले लाकूड यांचाही याच वेळी शोध घेतात. झाडांची हिरवळ फिकी झालेली असते. तीवर नवा रंग फवारणे सर्वांत सोपे आणि सर्वांत दिखाऊ काम, म्हणूनच ते शेवटी करावे.

डागडुजीत एक मोह असतो. जुनी मीटरगेजची मांडणी हाती आली की, ‘आता मेट्रोचे खांबही उभे करू, लोकांना ओळखीचे वाटेल’, असे कोणीतरी सुचवतेच. माझ्या मते हे टाळावे. ज्याने ती मांडणी केली त्याने एक विशिष्ट काळ निवडला होता. तो काळ बाहेर उरलेला नाही, येथेच उरला आहे. तारा नव्या घालाव्यात, मोटर नवी बसवावी, पण पाटीवरचे ‘मद्रास’ खोडू नये. नवे शहर दाखवायचे असेल, तर शेजारी नवी चौकट जोडावी.

चालत्या प्रतिकृतीचे हे काम मराठी वाचकाला जवळून पाहायचे असेल, तर चेन्नईपर्यंत जाण्याची गरज नाही. पुण्यात कोथरूड येथे कै. भाऊ जोशी यांनी लघुरेल्वेचे संग्रहालय उभारले. ते १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले. एका माणसाचा छंद, पण तेथे वाफेच्या इंजिनापासून वेगवान गाड्यांपर्यंत अनेक गाड्या सिग्नल पाळत धावतात. परदेशात जर्मनीतील हँबर्ग शहरात २००१ मध्ये सुरू झालेली १:८७ प्रमाणाची विशाल मांडणी प्रसिद्ध आहे. आकाराने दोहोंची तुलना होणार नाही. पण रूळ पुसण्याचे काम दोन्हीकडे करावेच लागते.

प्रदर्शनाचा दिवस वेगळीच परीक्षा घेतो. घरी गाडी दहा मिनिटे चालली की आपण खूश असतो. तेथे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली पाहिजे. टेम्पोत हादरे बसून चौकटींचे रूळ सरकतात, म्हणून आदल्या रात्रीच जोडणी करून प्रत्येक जोडावरून सर्वांत लांब डबा हाताने ढकलून पाहतात. इंजिनाची मोटर तापते, तेव्हा दोन इंजिने आलटून पालटून वापरतात. मांडणी फार उंच ठेवली तर मुलांना दिसत नाही, फार खाली ठेवली तर मुलांचे हात पोहोचतात. पुढे दोरी बांधून मुलांसाठी पायरी ठेवणे बरे. गाडी चालवणारा एक आणि लोकांशी बोलणारा दुसरा, अशी दोन माणसे तरी हवीत. चेन्नईत अशा मांडणीसमोर तांबरमच्या मीटरगेज गाडीने रोज कामावर गेलेली माणसे येणे स्वाभाविक आहे. ती डब्याचा रंग, आसनांची रचना, फलाटावरचा चहाचा गाडा यांविषयी विचारतात. त्यांनी सांगितलेले एका वहीत लिहून ठेवावे. पुढच्या डागडुजीच्या वेळी ही वही कामाला येते.

स्वाध्याय

१. तुमच्या घराजवळच्या स्थानकाचा फलाट पावलांनी मोजा. एक पाऊल पाऊण मीटर धरून त्याची लांबी काढा व १:८७ प्रमाणात ती किती होईल ते लिहा.
२. जुन्या मांडणीत नव्या काळातील वस्तू घालाव्यात की नाही? लेखकाचे मत तुम्हाला पटते का? आठ-दहा वाक्यांत आपले मत मांडा.
३. तुमच्या गावातील एखादी जागा प्रतिकृतीत दाखवायची आहे असे समजा. तुम्ही कोणते वर्ष निवडाल? त्या वर्षी तेथे काय होते आणि काय नव्हते, हे एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून लिहा.