चुलीत नको घालू गं पुडी

अगं, रागावू नकोस. काल तुझ्या चुलीपाशी बसले होते ना, तेव्हाच बोलायचं होतं. सासूबाई समोर होत्या म्हणून गप्प राहिले. कपडे धुवायच्या पावडरची रिकामी पुडी तू काडी लावून गोवऱ्यांखाली सरकवलीस. पटकन पेटते, खरं आहे. लग्न होऊन बपेऱ्यात आले तेव्हा मीही हेच करायची. पण तो काळा धूर आधी आपल्याच छातीत जातो, आणि चुलीशी बिलगून बसलेल्या तुझ्या पोराच्याही. आजपासून तेवढं बंद कर. बाकीचं सावकाश.

तू म्हणशील, मग टाकू कुठं? तिथंच तर गोम आहे. भंगारवाला लोखंड घेतो, बाटली घेतो, पुठ्ठा घेतो. पुडी दाखवली की हसतो. दोन-तीन वेगवेगळ्या प्लास्टिकचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, काहींत आतून चंदेरी मुलामा. ते थर सुटे होत नाहीत, म्हणून तिला भाव नाही. उकिरड्यावर टाकली तर गाय खाते. खताबरोबर ती धानाच्या बांधीत जाते. रोवणीला चिखलात हात घातला की परह्याआधी पुडीच हाताला लागते, हे तुला मी काय सांगू! उरलेली बावनथडी नदीत, तिथून वैनगंगेत, आणि पुढं गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात.

आठवड्याला दोनच पुड्या धर. वर्षाच्या १०४ झाल्या, एका घराच्या. साबणाच्या वडीचं वेष्टन, निळीची बाटली आणि शाम्पूच्या पुड्या वेगळ्याच.

सरकारनं बंदी आणली नाही का, असं विचारशील. आणली ना. महाराष्ट्रानं २०१८ साली पिशव्या बंद केल्या. त्याआधी २०१६ च्या केंद्राच्या नियमांत गुटखा, तंबाखू, पानमसाल्याला प्लास्टिकची पुडी मना केली. पावडरची पुडी मात्र अजून दुकानात मिळतेच. कंपन्यांनी आपलं प्लास्टिक परत गोळा करावं असं कागदावर आहे. आपल्या गल्लीत कोणी आलेलं मी तरी पाहिलं नाही. म्हणून सगळा दोष आपल्या माथी घेऊ नकोस. रोजीनं कमावणारी बाई दहा रुपयांचीच पुडी घेणार. त्यातून गंमत अशी की कधीकधी लहान पुडीच ग्रॅममागं स्वस्त पडते. मोठं ते स्वस्त, असं समजून फसू नकोस. वजन नि किंमत दोन्ही वाचून हिशेब कर.

माझा तोडगा साधा आहे. आम्ही चौघी जणी भिशीसारखे पैसे काढतो. तुमसरला कोणी गेलं की मोठी थैली आणतो आणि घरच्या डब्यांत वाटून घेतो. थैलीही प्लास्टिकचीच, पण एकच. तिच्यात पीठ-धान्य मात्र भरू नकोस. बाजारात सुटी पावडर मिळाली तर डबाच पुढं कर.

आणि पावडर कमी टाक गं! फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जास्तीचा फेस काढायला बोअरचं पाणी उपसायचं, पुन्हा पाठ आपलीच दुखायची. वडी घेतलीस तर तिचे उरलेले तुकडे जुन्या मोज्यात भर, तोंड बांध. वडी शेवटपर्यंत घासता येते.

रिठ्याचं खूळ शहरातल्या बायकांनी पुन्हा काढलंय. वाईट नाही. आठ-दहा रिठे रात्री भिजव, सकाळी उकळून कुस्कर, गाळून घे. रेशमी लुगडं, लोकरीचं स्वेटर छान निघतं. पण रोवणीच्या चिखलाचं लुगडं त्यानं निघेल म्हणशील तर नाही निघत. मी करून बसलेय.

पावडर बनवणं मुळात फार अवघड नाही. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल निरमा घरीच बनवून सायकलवरून दारोदार विकायचे. आता कितीतरी बचत गट बनवतात. मात्र ती बनवताना आम्ल वापरतात. शिकल्याशिवाय घरी घाट घालू नकोस, हात भाजतील. आपल्या गटानं रीतसर प्रशिक्षण घेतलं तर गावातल्या गावात डब्यात भरून देता येईल. पुढच्या बैठकीत मी हा विषय काढणार आहे, तू माझ्या बाजूनं बोल.

तोवर रिकाम्या पुड्या धुऊन, वाळवून एका पोत्यात साठव. स्वच्छ भारत अभियानात तालुक्याला एक प्लास्टिक केंद्र करायचं ठरलंय. आपलं पोतं तिकडं कधी नि कसं जाणार, ते ग्रामसभेत आपण दोघी मिळून विचारू. तू मागच्या रांगेत बसू नकोस, माझ्याजवळ बस.

आणि हो, येत्या बाजाराच्या आदल्या दिवशी डबा घेऊन ये. झाकणाचा आण, मागच्या वेळी आणलास त्याला झाकणच नव्हतं.