बाळ येण्याआधी समुद्र: गोंडपिपरीहून किती खर्च, किती वेळ, काय सांभाळायचं

गोंडपिपरीत बसून समुद्राचा विचार केला की पहिलं नाव मालवणचं निघतं, मग दापोली, मग गोवा. बाळंतपणाआधी दोघांनीच चार दिवस जायचं असेल तर ही तिन्ही नावं सध्या बाजूला ठेवा. बल्लारपूरहून मुंबई म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस. तिथून कोकणात उतरायला पुन्हा गाडी बदलायची, आणि दापोलीला जायचं तर घाट. तुमच्यासाठी सोयीचा समुद्र पूर्वेला आहे. बल्लारपूरहून विशाखापट्टणम रेल्वेने साधारण ८०० किलोमीटर. एकच गाडी, मध्ये कुठे उतरायचं नाही, बारा ते चौदा तास. शहरापासून किनाऱ्या-किनाऱ्याने तीसेक किलोमीटरवर भीमुनिपट्टणम आहे, लोक त्याला भीमिली म्हणतात. डच वखारीच्या काळातली जुनी दफनभूमी, घड्याळाचा मनोरा, गोस्तनी नदीचं मुख, मासेमारांच्या होड्या. गाव लहान आणि शांत आहे.

भीमिलीत दिवस घालवा, पण मुक्काम विशाखापट्टणममध्येच करा. रात्री-अपरात्री पोटात दुखलं तर मोठं रुग्णालय दहा-पंधरा मिनिटांवर हवं. शहरात किंग जॉर्ज हॉस्पिटल आहे. बाळंतपणासाठी सरकारी व्हिक्टोरिया हॉस्पिटल आहे, तिथले लोक त्याला घोषा हॉस्पिटल म्हणतात. दोन्ही नावं कागदावर लिहून पाकिटात ठेवा. विजयवाड्याच्या पुढे बापटला आणि चिराला ही गावं तुम्हाला आणखी जवळ पडतात, किनाराही छान आहे; पण मोठ्या उपचारासाठी तिथून गुंटूर गाठावं लागतं. या वेळी तो धोका घेऊ नका.

कधी जायचं? चौदा ते अठ्ठावीस आठवडे हा काळ प्रवासाला बरा. उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून जड झालेलं नसतं. घरच्या हिशेबात सांगायचं तर पाचवा-सहावा महिना, सातव्यातल्या डोहाळजेवणाच्या आधी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे चौथ्या महिन्यात तिकीट काढा आणि सहाव्यात निघा. मधली अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी आधी होऊ द्या. वार खाली आहे की नाही हे त्यात कळतं आणि जायचं की नाही हे त्यावर ठरतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. प्रवास त्याच्या लगेच नंतरचा ठेवा.

हंगामाचंही बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. १२ ऑक्टोबर २०१४ ला हुदहुद याच शहरावर धडकलं होतं. एप्रिल-मेमध्ये घामाने जीव नकोसा होतो. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम, फक्त या दिवसांत उत्तरेतल्या धुक्यामुळे दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा येतात. घरून निघण्याआधी गाडी कुठे आहे ते रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर विचारा, नाहीतर फलाटावर बसून राहाल. गाडीला तीन तासांहून जास्त उशीर असेल आणि तुम्ही प्रवास केलाच नाही तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो.

आता डॉक्टरांकडून काय घ्यायचं ते. प्रवासाला हरकत नाही अशी चिठ्ठी, त्यावर आठवडे, बाळंतपणाची अंदाजे तारीख, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि डॉक्टरांचा फोन नंबर. माता-बाल संरक्षण कार्ड मूळ प्रत. सोनोग्राफीचे रिपोर्ट. रोजच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. सिकलसेलची तपासणी झाली असेल तर ते कार्डही. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल घरोघरी माहीत आहे, पण आंध्रातल्या डॉक्टरला तुमचं कार्ड पाहिल्याशिवाय कळणार नाही. आजार असेल (नुसतं वाहक असणं वेगळं) तर पाणी कमी पडणं आणि थकवा यांनीच त्रास उसळतो, म्हणून तज्ज्ञाने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय निघू नका. रक्तस्राव झालेला, जुळी, वार खाली, रक्तदाब वाढलेला, रक्त फार कमी, आधीचं बाळ दिवस भरण्याआधी झालेलं, यातलं एकही असेल तर सहल रद्द. तिकिटाचे कापले जाणारे पैसे सोडून द्या.

ओळखपत्रांत दोघांच्या आधारची मूळ प्रत ठेवा. आयुष्मान कार्ड असेल तर घ्या, ते दुसऱ्या राज्यातल्या यादीवरच्या रुग्णालयातही चालतं. लग्नाचा दाखला हॉटेलला दाखवावा असा कायदा नाही, पण पत्नीच्या आधारवर माहेरचं नाव असेल तर काही ठिकाणी उगाच प्रश्न विचारतात. मोबाइलमध्ये दाखल्याचा फोटो असू द्या, वाद तिथेच मिटतो.

तिकीट काढताना स्थानकाचं नाव बल्लारपूर शोधू नका. रेल्वेच्या यादीत ते बल्हारशाह आहे, संकेत बीपीक्यू. विशाखापट्टणमचा व्हीएसकेपी. आंध्र प्रदेश एक्स्प्रेस रोजची, स्वर्णजयंती एक्स्प्रेस आठवड्यातले काही दिवस. काही गाड्या शहरात न शिरता दुव्वाडाला थांबून पुढे जातात. तिथे उतरलात तर शहर गाठायला रिक्षाचे वेगळे पैसे मोजावे लागतील. भाडं माणशी एका बाजूचं असं धरा: स्लीपर साडेचारशे ते पाचशे, थर्ड एसी बारा-तेराशे, सेकंड एसी सतरा-अठराशे. माझं मत थर्ड एसी घ्या, परवडत असेल तर सेकंड. स्लीपरमध्ये आरक्षण नसलेली गर्दी घुसली तर शौचालयापर्यंत जाणंही कठीण होतं, आणि या दिवसांत तिथे वारंवार जावं लागतं.

खालचा बर्थ हाच खरा मुद्दा आहे. गरोदर स्त्रियांसाठी, ज्येष्ठ आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांबरोबरच्या एकत्र कोट्यात, स्लीपरच्या डब्यात सहा-सात, थर्ड एसीत चार-पाच आणि सेकंड एसीत तीन-चार खालचे बर्थ राखीव असतात. डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर जा. अडचण एकच: त्या तिकिटावर नवऱ्याचं नाव घालता येत नाही. त्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि डबा दुसराच येऊ शकतो. म्हणून आधी साधा मार्ग वापरा. ऑनलाइन तिकीट काढताना ‘किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच’ हा पर्याय निवडा. साठ दिवस आधी सकाळी बसलात तर बहुधा मिळतोच. तसं तिकीट निघालंच नाही आणि वरचा बर्थ घ्यावा लागला तर गाडीत टीसीला भेटा. रिकामा खालचा बर्थ गरोदर बाईला द्यायचा अधिकार त्यांना आहे. आरएसीवर निघू नका. पूर्ण भाडं भरून एका बाजूच्या बर्थवर दोघांनी रात्रभर बसायचं, ते या अवस्थेत नको.

एजंटकडे गेलात तर लक्ष ठेवा. अधिकृत एजंटला बिनएसी तिकिटावर २० आणि एसीवर ४० रुपये सेवा शुल्क घेता येतं, जीएसटी वेगळा. ‘कन्फर्म तत्काळ काढून देतो, पाचशे द्या’ म्हणणारा बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावाने तिकीट काढतो आणि गाडीत तुम्ही विनातिकीट ठरता. स्वतः ऑनलाइन काढलंत तर युपीआयने एसीला २० रुपये, स्लीपरला १० रुपये अधिक जीएसटी इतकंच शुल्क, पण तिकीट रद्द केल्यावर ते परत मिळत नाही. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर एक पैसाही मिळत नाही; गरोदरपणात बेत कधीही बदलू शकतो, म्हणून तत्काळच्या वाटेला जाऊ नका. ४५ पैशांचा रेल्वे विमा जरूर घ्या, मात्र तो अपघाताचा आहे, आजारपणाचं किंवा गरोदरपणाचं दवाखान्याचं बिल त्यात येत नाही. प्रवास विम्याच्या पॉलिसीतही गरोदरपणाचा खर्च बहुतेक वेळा वगळलेला असतो. विकणाऱ्याच्या तोंडी हमीवर पैसे देऊ नका, लेखी दाखवा म्हणा.

गोंडपिपरी ते बल्लारपूर हा टप्पा लहान वाटतो, पण जपायचं तिथेच आहे. कोठारीच्या जंगलातून तास-सव्वा तासाचा रस्ता, त्यात अवजड ट्रक. मोटारसायकलने जाऊ नका, भावाने कितीही आग्रह केला तरी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण उभं राहावं लागलं तर बचत महागात पडेल. ओळखीची चारचाकी ठरवा, सोडणं आणि परत आणणं मिळून ३,००० रुपये धरा. रात्री गाडी उशिरा आली तर थांबण्याचे किती, हे आधीच बोलून घ्या. त्याच नावाखाली पाचशे-हजार वाढतात. सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांवरून घ्या. पोडसाच्या पुलावरून सिरपूर कागजनगरला जाऊन गाडी पकडायचा जवळचा मार्ग कुणीतरी सुचवेलच. उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात तो पूल पाण्याखाली जातो आणि रस्ता बंद होतो. परतताना अडकलात तर काय कराल, म्हणून नको.

गाडीत पाणी भरपूर प्या, दर तास-दीड तासाने डब्यात चार पावलं चाला, पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. रेल नीरची लिटरची बाटली १४ रुपये, साधं शाकाहारी जेवण गाडीत ८० रुपये. जास्त मागितले तर बिल मागा. बिल दिलं नाही तर १३९ ला कळवा. खरं तर घरची पोळी-भाजी आणि दही-भात डब्यात नेलेला बरा. तब्येत बिघडली तर टीसीला सांगा, पुढच्या मोठ्या स्थानकावर रेल्वेचे डॉक्टर येतात. तपासणीचे १०० रुपये लागतात, पावती घ्या.

हॉटेलसाठी तीनच गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, कमोड आहे का, खोली किती वाजता मिळते. गाडी पहाटे पोचली आणि चेकइन दुपारी बाराला असेल तर लवकर खोली देण्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे लावतात. आंध्रात अनेक लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब असतो, म्हणजे सकाळी सहाला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सहापर्यंत तुमची. तसं ठिकाण शोधा. बरी एसी खोली दोन-अडीच हजारांत मिळते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. बिलात १२ टक्के लावले तर तिथेच बोला. जेवणाच्या बिलात सेवा शुल्क सक्तीचं नाही, ते काढायला सांगा. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फिरताना काय गाळायचं ते आधी सांगतो. आर. के. बीचवरची कुरसुरा पाणबुडी बाहेरून बघा, आतली दारं अरुंद आहेत आणि वाकून जावं लागतं. बोर्रा गुहांना पायऱ्या फार. ऋषिकोंड्याला स्पीडबोट, जेटस्की अजिबात नको. पाण्यात पाऊल भिजेल इतकंच. या किनाऱ्याला ओढ जबर आहे आणि दरवर्षी माणसं बुडतात. मग उरतं ते पुरेसं आहे: सकाळचा किनारा, रोपवेने कैलासगिरी, आणि एक पूर्ण दिवस भीमिली. भीमिलीची गाडी दिवसभरासाठी दोन-अडीच हजारांत ठरवा, वाटेतले थांबे, पार्किंग, टोल धरून. किनाऱ्यावर फोटो काढून देणारे येतील, पोट दिसेल असे फोटो काढू म्हणतील. किती फोटो, कॉपी मोबाइलवर देणार का, एकूण किती, हे ठरल्याशिवाय उभं राहू नका. भाषेची काळजी करू नका. हिंदी चालते, आणि पोडसा-सिरपूरकडे सोयरे असतील तर तुम्हाला तेलुगूही येतच असेल. मासे गरम आणि डोळ्यांसमोर तळलेले खा. सुरमई आणि मोरीसारखे मोठे मासे या दिवसांत नकोत, त्यांत पारा जास्त साठलेला असतो.

तीन रात्रींचा दोघांचा हिशेब: घर ते स्थानक ३,०००, थर्ड एसी जाऊन-येऊन ५,०००, खोली करासह ७,५००, जेवण ४,०००, तिथली वाहनं ३,०००. म्हणजे साडेबावीस हजार. स्लीपर आणि बाराशेची खोली घेतली तर सोळा हजारांत बसतं. यात कुठेच न दिसणारे दहा हजार वेगळे लागतात. ते खात्यात ठेवा आणि खर्च करू नका, कारण खासगी रुग्णालय दाखल करताना आधी रक्कम भरायला सांगतं. मातृवंदना योजनेतले पहिल्या बाळाचे ५,००० रुपये या हिशेबात धरू नका. ते आईच्या खाण्यापिण्याचे आहेत, शिवाय त्यातले २,००० बाळ झाल्यानंतर, लसीकरण झाल्यावरच मिळतात.

विमानाचं विचाराल, तर बहुतेक कंपन्या ३२ आठवड्यांपर्यंत अडवत नाहीत, पुढे दाखला मागतात. पण नागपूरपर्यंतचा रस्ता आणि बदलाचं विमान मिळून वेळ फारसा वाचत नाही, पैसे मात्र दुपटीहून जास्त जातात. रेल्वेच बरी.

आणि तिथे असताना रक्त दिसलं, पाणी गेलं, डोकं सारखं दुखू लागलं किंवा बाळाची हालचाल कमी जाणवली, तर सकाळची वाट पाहू नका, परतीचं तिकीट बघत बसू नका. रुग्णवाहिकेचा १०८ आंध्रातही चालतो, लगेच लावा.