मुंबईचा प्रवास : तास मोजा, पाय हलवा



बेन गुरियन विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४,००० किलोमीटर आहे. विमान ताशी ८०० किलोमीटर जाते असे धरले तर ५ तास होतात. पूर्वी सौदी अरेबियावरून जाण्याची परवानगी नव्हती. विमान तांबड्या समुद्रावरून वळसा घेई आणि ७-८ तास लागत. म्हणून तिकीट काढतानाच एकूण तास विचारावेत. परतताना बहुधा समोरून वारा असतो, त्यामुळे वेळ थोडा जास्त लागतो.

भारताचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापुढे साडेतीन तास, उन्हाळ्यात अडीच. हिवाळ्यात रात्री ९ ला निघून ५ तासांनी उतरलात, तर मुंबईत पहाटेचे साडेपाच, पण शरीराच्या हिशेबाने रात्रीचे २. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली ते कागदावर लिहा. इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा. खालच्या सामानात ते गोठू शकते.

४ तासांहून जास्त एका जागी बसले, की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासातासाला एक फेरी मारा. बसल्या बसल्या टाचा आणि चवडे आळीपाळीने उचला. पाणी पीत राहा.

प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला, पोटरी दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखले तर तडक इस्पितळ गाठा. नातलगांच्या गडबडीत दुखणे अंगावर काढू नका.